पडणे हे नशीब नव्हे!

म्हातारे माणूस न्हाणीत पडले की घरचे म्हणतात, 'वय झालं, चालायचंच!' आम्हाला हे मान्य नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी ८० वर्षांवरील स्त्रियांना घरच्या घरी पायांचे बळ व तोल वाढविणारे व्यायाम दिले. त्यांचे पडणे लक्षणीय घटले, हे १९९७ साली प्रसिद्ध झाले. २०१९ च्या कोक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या तपासल्या. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे आढळले. खुर्चीवरून हात न टेकता उठणे, आधाराजवळ एका पायावर उभे राहणे, असले साधे व्यायाम! (नुसते फिरणे पुरत नाही.) तिकडे शिकवायला फिजिओथेरपिस्ट घरी गेले. आमच्या वस्तीतली आजी मात्र 'पडशील' म्हणून खाटेवर बसवली जाते, आणि बसून तिचे पाय आणखी दुबळे होतात. सरकारी दवाखान्यांनी हे व्यायाम वस्तीत येऊन शिकवावेत, ही आमची मागणी आहे.