पाच लाखांचा विमा, तरी बिल खिशातून?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं एखादं कुटुंब सरकारी जयारोग्यऐवजी खासगी इस्पितळ निवडतं, तेव्हा पॉलिसीतली खोलीभाड्याची अट आधी वाचायला हवी. समजा, विमा 5 लाखांचा आणि भाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे 5,000 रुपये. रुग्णाने 10,000ची खोली घेतली, तर भाडंच नव्हे, डॉक्टरांची आणि शस्त्रक्रियेची फीदेखील निम्मीच मंजूर होऊ शकते. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना मात्र ही कपात लागत नाही. लावलेली दिसली तर हरकत घ्यावीच.

जुना मधुमेह लपवू नये. 2024च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची. कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत मिळायला हवी.

घरात सत्तरीचे आजी-आजोबा असतील, तर खासगी विमा असतानाही त्यांचं आयुष्मान कार्ड जरूर काढावं.

दावा नाकारला, तर लेखी तक्रार आधी कंपनीकडे. महिनाभरात दाद लागली नाही, तर मध्य प्रदेशासाठीचं विमा लोकपाल कार्यालय भोपाळला आहे. तिथे फी पडत नाही, वकीलही लागत नाही.