चाक बोलते, ऐकणारे अनेक

ऑगस्ट 2000 मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे 65 लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेचसे फोर्डच्या ‘एक्सप्लोरर’ या उंच गाडीखाली होते. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा तापलेल्या राज्यांत भर वेगात टायरचा रस्त्याला टेकणारा थर खालच्या पोलादी पट्ट्यापासून सुटायचा, गाडी भरकटायची आणि उलटायची. सरकारी नोंदीतला मृतांचा आकडा पुढे 271 वर गेला. मग दोन्ही कंपन्यांत जुंपली. गाडीतच खोट आहे आणि हवाही कमी सांगितली जाते, असे टायरवाले म्हणत. टायरच सदोष, असे गाडीवाले. फोर्डने या गाडीसाठी 26 पीएसआय हवा सांगितली होती, तर फायरस्टोनचा आग्रह 30 चा होता.

हवेचा मुद्दा निव्वळ पळवाट नव्हता. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि तापते. त्यात उन्हाळा, भरलेली गाडी आणि वेग यांची भर पडली की थरांची पकड सैल होते. बाहेरून मात्र रेडियल टायर पाव हवा गेली तरी ठणठणीत दिसतो. 1 नोव्हेंबर 2000 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी टायर-सुरक्षेच्या ‘ट्रेड’ कायद्यावर सही केली. टायरमधली हवा फार उतरली तर गाडीनेच चालकाला सांगावे, ही तरतूद त्यात होती. खरे तर 1986 च्या पोर्श 959 मध्ये अशी सोय होती. पण ती श्रीमंतांची चैन होती.

सांगायचे कसे, यावर वाद झाला. स्वस्तातला मार्ग होता एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा. हवा उतरलेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, ते इतरांपेक्षा जास्त फेरे घेते, आणि एबीएसचे संवेदक फेरे मोजतातच. पण चारही चाकांची हवा हळूहळू सारखीच उतरली, तर तुलना करायची कशाशी? आणि घरोघरच्या गाड्यांत नेमके हेच घडते. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय झिरपून जातो. सरकारने 2002 च्या नियमात या स्वस्त मार्गाची पळवाट ठेवली होती. ग्राहक संघटना ‘पब्लिक सिटिझन’ न्यायालयात गेली आणि 2003 मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. नवा नियम 2005 मध्ये आला: शिफारशीपेक्षा हवा 25 टक्के घटली की 20 मिनिटांच्या आत दिवा लागला पाहिजे, मग ते एक चाक असो वा चारही. सप्टेंबर 2007 पासून तो सर्व नव्या हलक्या गाड्यांना लागू झाला. युरोपने 2014 मध्ये तीच वाट धरली.

या नियमामुळे चाकात शिरलेली वस्तू मोठी मजेदार आहे. ट्यूबलेस टायरच्या व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, रिमला लागून, तीसेक ग्रॅमची डबी बसते. तिच्यात सिलिकॉनचा सूक्ष्म पडदा असतो. दाबाने तो वाकला की त्यावरच्या रोधकांचा विद्युतरोध बदलतो आणि दाबाचा आकडा मिळतो. ताशी 100 किलोमीटरला या डबीवर गुरुत्वाकर्षणाच्या पावणेदोनशे पट ओढ पडते. म्हणजे तीस ग्रॅमची वस्तू पाच किलोंची होते आणि तशाच अवस्थेत तिने मोजमाप करायचे!

चाक अखंड फिरणारे, त्यामुळे गाडीतून तार नेणे अवघड. म्हणून रेडिओ. अमेरिकेत 315 मेगाहर्ट्झ, युरोपात आणि आपल्याकडे 433. डबीतली लिथियमची बॅटरी रेझिनमध्ये पक्की केलेली असते; पाच ते दहा वर्षांनी ती संपली की सहसा आख्खी डबीच बदलावी लागते. त्यामुळे सारी रचना कंजुषीची. गाडी उभी असताना डबी जवळजवळ झोपलेली असते. चाक फिरल्याचे कळले की जागी होते, आणि साधारण मिनिटभराने एकदा काही मिलिसेकंदांचा संदेश सोडते. फिरत्या रिमच्या आणि पोलादी पट्ट्यांच्या आडोशाने तो हुकू शकतो, म्हणून तोच संदेश लागोपाठ अनेकदा. त्यात दाब, तापमान, बॅटरीची अवस्था, चूक ओळखण्यासाठीचे काही बिट्स, आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे डबीचा स्वतःचा क्रमांक. शेजारून जाणाऱ्या गाडीचीही चाके बोलत असतात. आपली कोणती हे क्रमांकावरूनच कळते. तो बहुधा 32 बिटांचा, म्हणजे 429 कोटींहून जास्त शक्यतांतला एक.

आणि हा क्रमांक उघडा जातो. 2010 मध्ये रटगर्स आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांच्या संशोधकांनी तेव्हा प्रचलित असलेल्या दोन प्रणाली उलगडून पाहिल्या. ना कूटलेखन, ना संदेश कुणी पाठवला याची पडताळणी. साधा अँटेना आणि प्रवर्धक घेऊन चाळीस मीटरवरून जाणाऱ्या गाडीचे संदेश त्यांनी वाचले. पुढे खोटे संदेश पाठवून महामार्गावर धावत्या गाडीत हवा गेल्याचा दिवा लावून दाखवला. प्रयोगांच्या ओघात एका गाडीचा हे संदेश घेणारा नियंत्रकच कायमचा निकामी झाला.

कुणी म्हणेल, नंबर प्लेट तरी कुठे झाकलेली असते? पण प्लेट वाचायला कॅमेरा समोर लागतो आणि तो दिसतो. हे संदेश झुडपामागून, भिंतीआडून, अंधारात ऐकता येतात. त्यासाठी लागणारा डोंगल संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी विकला जाई, इतका स्वस्त आहे. कायद्याने दिवा कधी लागावा हे पक्के केले. हवेतून काय जावे आणि ते कुणी ऐकावे, यावर तो गप्प राहिला. माझ्या मते ही चूक बॅटरीच्या माथी मारता येणार नाही. ठरावीक काळाने क्रमांक बदलण्याइतके गणित आजच्या चिपला जड नाही; ते कुणी मागितलेच नाही.

या यंत्रणेचा उपयोग मात्र वादातीत आहे. अमेरिकी सरकारच्या 2012 च्या पाहणीत, अशी यंत्रणा असलेल्या गाड्यांत हवा धोकादायक उतरलेली असण्याची शक्यता सुमारे 56 टक्क्यांनी कमी आढळली. आपल्याकडे 2020 च्या नियमाने तिला वेगळ्याच दारातून आत घेतले: साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ही यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच दिला असेल, तर स्टेपनी नसली तरी चालेल. समृद्धी महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने तापलेल्या काँक्रीटवरून धावणाऱ्या गाड्यांचे टायर परिवहन विभागाला तपासावे लागले, यावरून गरज किती खरी आहे ते कळते. उद्या ही यंत्रणा सक्तीची करायची झाली, तर नियम लिहिणाऱ्यांनी क्रमांक झाकण्याचे कलम त्याच मसुद्यात घालावे; नंतर ते घालायला कुणी बसत नाही.

तोवर वाचकांनी एवढे करावे. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेली हवा सकाळी, गाडी थंड असताना भरावी. दहा अंश तापमान वाढले की दाब दीडेक पीएसआयने चढतो आणि फसवतो. 33 ची हवा 25 च्या खाली गेल्याशिवाय दिवा कदाचित लागणारही नाही. आणि गाडी सुरू करताच तो मिनिटभर लुकलुकून स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ हवा गेली असा नसतो. एखादी डबी बोलायची थांबली आहे, असा असतो.