खिशातला कॅमेरा आणि प्रकाशाचा हिशेब

शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वस्त, खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याने घेतलेली छायाचित्रे पुष्कळदा निराशा करतात. सकाळी अंगणात त्याच कॅमेऱ्याने टिपलेले चेहरे स्वच्छ येतात. सायंकाळी सभागृहातली नाटिका मात्र पुसट आणि कणीदार दिसते. कॅमेरा बिघडला, असा निवाडा देण्यापूर्वी त्याच्या आत काय घडते ते पाहू.

भिंगातून आलेला प्रकाश संवेदक नावाच्या सिलिकॉनच्या लहानशा तुकड्यावर पडतो. तेथे त्याचे विद्युत्भारात रूपांतर होते आणि त्या भाराच्या मोजणीतून चित्र तयार होते. ३५ मिलिमीटर फिल्मवरील नेहमीची चौकट ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असते. स्वस्त कॅमेऱ्यातील संवेदक बहुधा सुमारे ६ मिलिमीटर रुंद व ४.५ मिलिमीटर उंच, म्हणजे क्षेत्रफळाने त्याचा जवळजवळ तिसावा हिस्सा असतो. वाटीत परातीपेक्षा पावसाचे पाणी कमी साचावे, तसा त्याच्या वाट्याला प्रकाश कमी येतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी कॅमेरा झडप अधिक वेळ उघडी ठेवतो. तेवढ्यात हात हलला की चित्र पुसट होते. अथवा तो विद्युत्-संकेत वाढवतो. मग चित्रात कण दिसू लागतात. 'आयएसओ' हा आकडा या वाढीचे माप होय. छोटा फ्लॅश साधारणतः तीन-चार मीटरपलीकडे उपयोगी पडत नाही. उलट भिंगाजवळची धूळ त्याने उजळते व चित्रात पांढरे गोल उमटतात. कित्येकांना ती भुताटकी वाटते!

म्हणून शक्य तितके पुढे बसावे. कॅमेरा टेबलावर किंवा तिपाईवर ठेवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे कळ दाबताना बसणारा धक्काही टळतो.

सेलवर चालणारा कॅमेरा नवे सेल घालूनही बंद पडत असेल, तर ते कोणत्या जातीचे आहेत ते पाहावे. भिंगाची मोटर व फ्लॅश यांना लागणारा मोठा प्रवाह साधे स्वस्त सेल पुरवू शकत नाहीत. पुन्हा भारित करता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल अधिक योग्य. कार्डावर चित्र साठत नसेल, तर त्याच्या कडेची खिट्टी 'लॉक'कडे सरकलेली नाही ना, हेही तपासावे.

आणि चुकून चित्रे पुसली गेली तर? ग्रंथालयाच्या सूचीतून नोंद काढली, तरी पुस्तक फळीवर राहतेच. कार्डावरही बहुधा नोंदच पुसली जाते; चित्र मात्र त्या जागी नवे चित्र येईपर्यंत टिकते. अशा वेळी छायाचित्रण तत्काळ थांबवावे, कार्ड बाहेर काढावे आणि संगणकावर पुनःप्राप्तीची आज्ञावली वापरून पाहावी. त्यानंतर काढलेले एखादेच चित्र जुने चित्र कायमचे नाहीसे करू शकते.