दवाखान्याचं कार्ड कुणाच्या हातात?



दिवाळी झाली की आपल्या मोलगी भागातून गाड्या भरून माणसं कामाला निघतात. कुणी बारडोलीकडे ऊसतोडीला, कुणी सुरत-अंकलेश्वरच्या कारखान्यात, कुणी बांधकामावर. जाताना भांडी, पीठ, अंथरूण, कोंबड्यासुद्धा नेतो. पण तिकडे आजारी पडलो तर काय, याची तयारी फार थोड्या घरांत होते.

मागे एका गटाच्या बैठकीत यंदा कोण कोण जाणार ते विचारत होते. एक ताई म्हणाल्या, "मला जायचं नाही, पण जावं लागेल." मुलगी दहावीला, म्हणून त्यांना यंदा घरी राहायचं होतं. पण आदल्या पावसाळ्यात धाकट्याला न्यूमोनिया झाला. खासगी दवाखान्यात २८ हजार लागले. मुकादमाने त्याच संध्याकाळी पैसे दिले आणि सांगितलं, "हंगामात फेडा." एक हंगाम गेला, उचल फिटली नाही. आता दुसराही त्याच्याकडेच.

मी विचारलं, "ताई, आयुष्मान कार्ड नव्हतं का?" रेशनकार्ड पिवळं होतं, पण कार्ड काढलेलंच नव्हतं. मला स्वतःचंच वाईट वाटलं. त्या गावात मी दोन वर्षं जाते. दर बैठकीत बचत विचारते, परतफेड विचारते. कार्ड कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट नीट कळली. आजारपणाचा खर्च जो करतो, त्याच्याकडे आपलं काम बांधलं जातं. मग मजुरी कमी असो, त्रास असो, सोडून जाता येत नाही.

हे फक्त उचलीचं नाही

कारखान्यातल्या पक्क्या कामालाही ही गाठ असते. अमेरिकेचंच बघा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, तिथल्या सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं. मग कामगार टिकावेत म्हणून मालक आरोग्य विमा देऊ लागले. पुढे तीच रीत पडली. आजही तिथे अनेक लोक नको असलेली नोकरी धरून बसतात, कारण नोकरी गेली की घरातल्या आजारी माणसाचा विमा जातो.

आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने आलेला ईएसआय विमा आहे. १० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला तो लागू होतो. १० हजार पगार असेल तर कामगाराचे ७५ रुपये कापले जातात आणि मालक ३२५ रुपये भरतो. त्यातून कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भाग मिळतो, बाळंतपणाची रजा मिळते. ही चांगली सोय आहे, सोडायची नाही. पण काम सुटलं की काही महिन्यांनी ती बंद होते. म्हणून सून गरोदर असली की मुलगा मालकाची बोलणी खाऊनही तिथेच राहतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ईएसआयचा नंबर मालकाचा नसतो, कामगाराचा असतो. दुसऱ्या कारखान्यात गेल्यावर तोच जुना नंबर सांगायचा. मुलाकडून तो मागून घ्या आणि घरी वहीत लिहून ठेवा.

ऊसतोडीला तेही नाही

साखर कारखाना हा हंगामी धरला जातो आणि ईएसआयमधून हंगामी कारखाने वगळलेले आहेत. शिवाय तोडणीचा मजूर कारखान्याच्या हजेरीवर नसतोच, तो मुकादमाच्या वहीत असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकजण आजारी पडला की खाडा, आणि खाड्याचा दंड.

याचा परिणाम काय होतो ते २०१९ मध्ये सगळ्या राज्याने पाहिलं. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं उघड झालं. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाळीत दुखतं, अंगावरून जातं, पण खाडा परवडत नाही. म्हणून बाया पिशवीच काढून टाकायला तयार झाल्या. उपचार वेळेवर आणि आपल्या हातात नसला की शरीरावर असे निर्णय होतात.

आपल्या हातातलं कार्ड

आयुष्मान भारत म्हणजे पंतप्रधान जन आरोग्य योजना २०१८ मध्ये सुरू झाली. तिचं कार्ड मालकाच्या नावावर नाही, मुकादमाच्याही नाही. ते तुमच्या नावावर आहे. काम बदललं, गाव बदललं, तरी चालतं. योजनेत असलेल्या दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत. हे कार्ड गुजरातमध्येही चालतं. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना त्याच्याशी जोडलेली आहे.

पण दोन गोष्टी समजून घ्या. एक, साध्या तपासणीला, गोळ्या-औषधाला हे कार्ड नाही, भरती झाल्यावरच आहे. साध्या दुखण्याला मोलगीचं ग्रामीण रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. दोन, कुठल्याही दवाखान्यात हे कार्ड चालत नाही. आधी विचारा, "योजनेत आहे का?" असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटा. १४५५५ या नंबरवर फोन करूनही विचारता येतं.

निघण्याआधी हे करा

१. घरातल्या प्रत्येकाचं आयुष्मान कार्ड काढा, लहान मुलांचंसुद्धा. कार्ड माणसागणिक वेगळं असतं. आधार आणि रेशनकार्ड घेऊन सेवा केंद्रात जा किंवा आशाताईंना विचारा.

२. कार्ड, आधार, रेशनकार्ड यांची झेरॉक्स घरी ठेवा. मूळ कागद स्वतःजवळ ठेवा. मुकादमाने "सांभाळायला" मागितले तरी देऊ नका.

३. दुखण्यासाठी पैसे लागले तर उचलीआधी गटात या. गटाचं अंतर्गत कर्ज आहे, ग्रामसंघाकडे अडीअडचणीचा व्हीआरएफ निधी आहे. अध्यक्षांनीही अशा वेळी महिन्याच्या बैठकीची वाट बघू नये, तातडीची बैठक घ्यावी. मुकादम संध्याकाळी पैसे देतो आणि आपण पंधरा दिवसांनी, म्हणून तो जिंकतो.

४. उचल घेतलीच तर किती घेतली, किती फिटली, हे आपल्या वहीतही लिहा.

५. "उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही" असं म्हणून कुणी अडवलं, तर १९७६ च्या कायद्याने ती वेठबिगारी आहे, आणि वेठबिगारी गुन्हा आहे. तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. एकटीने जाऊ नका, ग्रामसंघ सोबत घ्या.

कार्डाने सगळं सुटत नाही. गाडीभाडं लागतं, मजुरी बुडते, दवाखाना लांब असतो. पण मोठ्या खर्चासाठी मुकादमाच्या दारात जावं लागलं नाही, तर पुढच्या वर्षी जायचं की नाही हे आपण ठरवू शकतो.

पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीसोबत घरातली सगळी कार्डं घेऊन या. कुणाचं राहिलं आहे त्याची यादी आपण तिथेच करू. त्या ताईंचं नाव मी सगळ्यात वर लिहिलं आहे. होळीला सगळ्या घरी परत याल, तेव्हा यादीत एकही नाव उरलेलं नसावं.