गाठीतला नमुना आणि रक्तातला नमुना

कापडाच्या धंद्यात उमर गेली, तेव्हा एक गोष्ट आम्हांला पक्की कळली. गाठ फोडून फक्त वरचा ताका पाहणारा माणूस हमखास फसतो. काही वर्षांपूर्वी एका पार्टीकडून आमच्या आष्टीच्या दुकानात माल आला. वरचे तीन ताके स्वच्छ, रंग पक्का, पन्हा पूर्ण. आतले ताके काढले तर कुठे डाग, कुठे पन्हा दोन इंच कमी. त्या दिवसापासून आम्ही वरचा, मधला आणि तळाचा असे ताके न निवडता उपसतो. सगळी गाठ मोजावी लागत नाही. नमुना इमानदारीने काढला की चार-पाच ताके सगळ्या गाठीची हकिकत सांगतात.

व्यापाराच्या पानावर आजाराची गोष्ट कशाला, असे काही बांधव म्हणतील. पण 2020 च्या साथीने आपली दुकाने, माग आणि हातगाड्या बंद पाडल्या, आणि एका खोट्या हिशेबाने आपल्या माणसांची रोजी हिरावली. तो हिशेब कसा चुकला आणि खरा हिशेब कसा होतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

परत आलेला माल म्हणजे सगळा माल नव्हे

रोज सायंकाळी आकडा यायचा : आज इतके रुग्ण. हा आकडा फक्त तपासणीला नेलेल्या माणसांचा होता. दुकानात परत आलेल्या कापडावरून सगळ्या मालाचा दर्जा ठरवावा, तसाच हा प्रकार. ज्या मोहल्ल्यात तपासण्या जास्त, तिथे रुग्ण जास्त दिसणार. जिथे तपासणीच नाही, तिथे शून्य. मार्च-एप्रिल 2020 मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजशी संबंध आलेल्यांना शोधून शोधून तपासले गेले. आजार पसरू नये म्हणून शोध घेणे योग्यच होते. पण त्या आकड्यावरून सगळ्या कौमवर ठपका ठेवण्यात आला. भाजी, फळे विकणाऱ्या आपल्या गरीब भावांना काही गल्ल्यांत येऊ दिले नाही. पुढे 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असावे, असे निकालात म्हटले. इन्साफ झाला, पण बुडालेला धंदा कोणी भरून दिला नाही.

रक्त काय सांगते

विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याशी लढणारी प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. माणूस बरा झाला, किंवा आजारी पडल्याचे त्याला कळलेही नाही, तरी ही प्रतिपिंडे काही महिने रक्तात राहतात. म्हणजे रक्त ही जुनी खातेवही आहे. नोंद करणारा मुनीम विसरला तरी तिच्यात मजकूर सापडतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, ही वही 11 मे ते 4 जून 2020 या काळात देशभर उघडली. 21 राज्यांतले 70 जिल्हे निवडले. महाराष्ट्रात बीड, परभणी, नांदेड, सांगली, जळगाव आणि तेव्हाचा अहमदनगर. आपला जालना त्यात नव्हता, पण शेजारचे परभणी आणि बीड होते. प्रत्येक जिल्ह्यात दहा गावे किंवा वॉर्ड, प्रत्येक ठिकाणी चाळीस घरे आणि एका घरातून एकच प्रौढ माणूस. जिल्ह्याला 400, देशात एकूण 28,000. खोकला आहे का, ताप आहे का, हे पाहून माणूस निवडला नाही. तळाचा ताकाही निघाला पाहिजे, ती ही पद्धत.

निकाल आला : शेकडा 0.73 प्रौढांच्या रक्तात प्रतिपिंडे. टक्का लहान वाटतो, पण देशाच्या हिशेबाने मेच्या सुरुवातीपर्यंत सुमारे 64 लाख माणसांना लागण होऊन गेली होती. नोंदलेल्या एका रुग्णामागे लागण झालेले 82 ते 130 जण होते. म्हणजे रोजचा आकडा ही केवळ वरच्या ताक्याची किनार होती.

यात एक खोच आहे. समजा, तपासणीचे किट निरोगी शंभरांतल्या दोघांना चुकून बाधित दाखवते. मग 400 लोकांत खरे बाधित चार असले, तरी आठ खोटे निघतील आणि हिशेब तिप्पट होईल. म्हणून पहिल्या तपासणीत बाधित दिसलेले रक्त दुसऱ्या कंपनीच्या किटवर पुन्हा तपासले. नोट एका दिव्याखाली शंकास्पद वाटली की आपण दुसऱ्या दिव्याखाली धरतो, तसे.

आजार खोलीच्या मापाने गेला

जुलै 2020 मध्ये नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईच्या तीन वॉर्डांत 6,936 जणांचे रक्त तपासले. झोपडपट्टीत शेकडा 57 जणांना लागण होऊन गेली होती, इमारतींत शेकडा 16. वॉर्ड तेच, फरक साडेतीन पट. एका खोलीत सात-आठ माणसे आणि अनेक घरांना मिळून एक संडास, तिथे अंतर पाळायचे कोणी आणि कुठे? पुण्यातही त्याच सुमारास पाच प्रभागांत शेकडा 51 वर आकडा निघाला. रक्ताने दाट वस्ती दाखवली, कोणाचा मजहब दाखवला नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मुंबईत रक्त द्यायला झोपडपट्टीतली माणसे पुढे आली. इमारतींतून प्रतिसाद कमी मिळाला. अडाणीपणाचा ठपका मात्र नेहमी गरिबांवर.

पुढे जून-जुलै 2021 मधल्या चौथ्या फेरीत सहा वर्षांवरील शेकडा 67.6 जणांत प्रतिपिंडे मिळाली. त्यात लस घेतलेलेही होते. तरीही तिघांतला एक कोरा होता, म्हणून सावधगिरी सोडू नका, असे तेव्हा सांगितले गेले.

आपले काम

पहिली पाहणी झाली तेव्हा रमजान चालू होता आणि 25 मे रोजी ईद झाली. दुकानांना कुलूप, घरात चिंता, त्यात दारात रक्त मागणारे. उचलून नेतील, क्वारंटाईन करतील, ही भीती आमच्याही मनात होती. ती भीती खोटी नव्हती. पण दार बंद ठेवले तर आपला मोहल्ला हिशेबातून गळतो. मग आपल्याबद्दल कोणीही काहीही आकडा सांगावा, आणि आपल्याकडे जबाब नसावा. तपासणीसाठी थोडे रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात, ते सबबही उरत नाही.

पुढे कधी अशी टोळी आष्टीत आली, तर आधी ओळखपत्र पाहा, रक्त कशासाठी नेता ते विचारा, नाव गुप्त राहील याची खात्री करून घ्या. आणि मग बाही वर करा. नाप-तोल पूर्ण ठेवण्याची ताकीद आपल्याला दीनने दिलेली आहे. ती जशी कापडाच्या गजाला लागू, तशीच आपल्या स्वतःच्या मोजणीलाही लागू आहे.