परसदारची हिरवाई आणि पाण्याचा ताळेबंद

बेंगळुरूच्या उत्तरेस, नंदी टेकड्यांच्या वाटेवर देवनहळ्ळी हे जुने गाव वसलेले आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून ठाऊक असते, तर फळांच्या रसिकांना 'चक्कोता' म्हणजेच आपल्याकडील पपनसाच्या एका गोड वाणामुळे. या वाणाला भौगोलिक निर्देशांकाचा मानही लाभला आहे. मे २००८ मध्ये येथे आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि गावाचे रूप पालटू लागले. द्राक्षांच्या बागा आणि नाचणीची शेते होती, त्या जमिनीवर भूखंडांच्या सीमारेषा उमटल्या. नोकरीव्यवसायानिमित्त बेंगळुरूत स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांनीही या परिसरात आपले हक्काचे घर बांधले आहे.

घर झाले की ओढ लागते ती बागेची. येथील हवा वर्षभर सुखद, उन्हाळाही महाराष्ट्राच्या मानाने सौम्य. त्यामुळे परसदारी केळीची रुंद पाने डोलावीत, हेलिकोनियाची लाल-केशरी फुले लटकावीत आणि त्यांच्या पायाशी मऊ हिरवळ पसरावी, म्हणजेच कोकणाचा किंवा केरळचा एक तुकडा घराच्या मागे अवतरावा, असे स्वप्न गृहस्वामी पाहतो. स्वप्न गैर नाही. मात्र कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि देवनहळ्ळीत साधारण आठशे. उत्तर पेन्नार, दक्षिण पेन्नार, पालार आणि अर्कावती या नद्यांचे उगम नंदी टेकड्यांच्या परिसरात आहेत. तरीही बारमाही वाहणारी एकही नदी या भागाच्या वाट्याला आलेली नाही. नद्यांचे माहेर असूनही हा मुलूख पाण्याला पारखाच राहिला.

मुद्दल खाऊन चालणारा संसार

नदी नसल्यामुळे पूर्वजांनी तळी बांधली. कन्नडमध्ये ज्यांना 'केरे' म्हणतात, त्या एकमेकांशी जोडलेल्या तलावांच्या साखळीवर या पठाराची शेती शतकानुशतके उभी होती. बोअरवेल आली आणि तलावांकडे दुर्लक्ष झाले. येथील भूगर्भात कठीण ग्रॅनाइट व नीस जातीचा खडक आहे. त्याच्या भेगांमध्ये मावेल तेवढेच पाणी साठते. हे पाणी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची मुदत ठेव होय. दर पावसाळ्यात तिच्यावर मिळणारे व्याज थोडे आणि होणारा उपसा मोठा. परिणामी देवनहळ्ळी तालुका अतिशोषित भूजलाच्या यादीत गेला आणि बोअरवेलची खोली हजार फुटांच्याही पलीकडे पोहोचली.

२०२३ चा पावसाळा अपुरा ठरला. कर्नाटकातील २३६ तालुक्यांपैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर झाले. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने बागेसाठी व वाहने धुण्यासाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली आणि पाच हजार रुपयांचा दंड ठेवला. ज्या घरांच्या बागा रोजच्या पाण्यावर पोसलेल्या होत्या, त्यांच्यापुढे दोनच मार्ग उरले : टँकर विकत घेणे किंवा बाग वाळताना पाहणे. कमी पाण्याची बाग हा हौसेचा विषय न राहता घरखर्चाचा विषय झाला, तो असा.

पाण्याचे अंदाजपत्रक

कोणत्याही खर्चाआधी जमाखर्च मांडावा, हा व्यवहाराचा पहिला नियम. तो बागेलाही लागू पडतो. चाळीस फूट बाय साठ फूट हा येथील एक प्रचलित भूखंड धरू. त्यावर बाराशे चौरस फुटांचे छप्पर आणि मागे चारशे चौरस फुटांचे परस आहे, असे मानू. छपराचे क्षेत्रफळ सुमारे १११ चौरस मीटर भरते. आठशे मिलिमीटर पावसात त्यावर वर्षाकाठी जवळजवळ ८९ हजार लिटर पाणी पडते. गळती व बाष्पीभवन वजा जाता त्यापैकी सत्तर हजार लिटर तरी पन्हाळीतून हाती येऊ शकते.

आता खर्चाची बाजू. चारशे चौरस फूट म्हणजे ३७ चौरस मीटर. या जागेत केवळ हिरवळ लावली, तर कोरड्या दिवसांत तिला रोज चार ते पाच मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे दिवसाला १५० ते १८५ लिटर. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या १२० दिवसांत हा खर्च १८ ते २२ हजार लिटरांवर जातो. सहा हजार लिटरांचा एक टँकर धरला, तरी केवळ गवतासाठी तीन ते चार टँकर लागतील.

वरवर पाहता सत्तर हजारांच्या जमेपुढे बावीस हजारांचा खर्च क्षुल्लक वाटेल. तथापि, खरी अडचण उत्पन्नाची नसून रोखतेची आहे. पाऊस मे ते नोव्हेंबरमध्ये येतो, त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अधिक. त्या वेळी बागेला पाण्याची निकड नसते. निकड असते तेव्हा पाऊस नसतो. वीस हजार लिटर साठवणारा हौद बांधणे प्रत्येकाला परवडत नाही. मात्र बागेची रोजची गरज चाळीस-पन्नास लिटरांवर आणता आली, तर संपूर्ण कोरड्या काळासाठी पाच-सहा हजार लिटरांची टाकी पुरते. म्हणून टाकी किती मोठी घ्यावी, हे ठरवण्याआधी बाग किती पाणी पिणारी असावी, हे ठरवावे लागते.

अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा विभागाने १९८१ मध्ये अशा बागकामाला 'झेरिस्केप' असे नाव दिले. नियोजन, मातीची सुधारणा, योग्य झाडांची निवड, हिरवळीवर मर्यादा, काटकसरीचे सिंचन, आच्छादन आणि देखभाल ही त्याची सात सूत्रे. हे नाव ऐकताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे निवडुंग आणि दगडगोटे उभे राहतात. वस्तुतः याच सूत्रांवर घनदाट, रुंद पानांची, उष्ण कटिबंधातील अरण्याची आठवण करून देणारी बागही उभी राहू शकते.

ओल एका जागी, हिरवाई सर्वत्र

या रचनेचे मर्म झाडांच्या वाटणीत आहे. केळ, कर्दळ, अळू आणि हेलिकोनिया ही पाण्याची लोभी झाडे बागभर विखुरण्याऐवजी एकाच खड्ड्याभोवती लावावीत. सुमारे दोन मीटर व्यासाचा आणि तीन-साडेतीन फूट खोल खड्डा घेऊन त्यात पालापाचोळा व काटक्या भराव्यात, निघालेल्या मातीचा वरंबा काठाने करावा आणि त्या वरंब्यावर ही झाडे लावावीत. न्हाणीघराचे व कपडे धुण्याचे पाणी या खड्ड्यात सोडावे. कपडे धुण्याच्या यंत्रातून प्रत्येक वेळी पन्नास ते शंभर लिटर, कधी त्याहूनही अधिक पाणी बाहेर पडते. ते विकत घ्यावे लागत नाही. आजीच्या काळी मोरीच्या पाण्यावर केळी आणि अळू वाढत असत, त्याच शहाणपणाची ही शास्त्रशुद्ध आवृत्ती होय.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. शौचालयाचे पाणी या खड्ड्यात येता कामा नये. सांडपाणी दिवसभराहून अधिक साठवू नये, अन्यथा दुर्गंधी व डासांचा उपद्रव होतो. साबण सौम्य असावा आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना हे पाणी देऊ नये.

उरलेल्या परसात, म्हणजे बागेच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक भागात, दिसायला उष्ण कटिबंधीय परंतु स्वभावाने काटक अशी झाडे असावीत. वरच्या थरासाठी पांढरा किंवा लाल चाफा उत्तम. मूळचा मध्य अमेरिकेकडील हा वृक्ष जाड फांद्यांत पाणी धरून ठेवतो आणि कोरड्या दिवसांत पाने गाळून आपला खर्च आटोपता घेतो. शेवगा, सीताफळ आणि पारिजातक हे आपल्या ओळखीचे सोबती. मधल्या थरात यक्का, घायपात, अडुळसा आणि सायकस शोभतात. कुंपणावर ब्राझीलकडून आलेली बोगनवेल चढवावी. तिच्या रंगीत पाकळ्या म्हणजे वस्तुतः पानांचीच रूपे, आणि पाण्याची थोडी ओढ बसली की ती अधिकच बहरते.

जमिनीलगत कोरफड, सान्सेव्हिएरिया, रिओ, चिनी गुलाब आणि अननस लावता येतात. घायपात, कोरफड आणि अननस यांची एक खुबी आहे. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडतात. ही झाडे ती प्रामुख्याने रात्री, हवा थंड असताना उघडतात. त्यामुळे त्यांच्या पानांतून उडून जाणारे पाणी पुष्कळ कमी होते. घराच्या सावलीतल्या कोपऱ्यासाठी झेडझेड प्लांट या नावाने रोपवाटिकांत मिळणारे पूर्व आफ्रिकेतील झाड योग्य; ते जमिनीखालच्या कंदात पाण्याची शिल्लक राखून असते.

दोन सावधगिरीच्या सूचना. कण्हेर कमी पाण्यात फुलते खरी, परंतु तिचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरी ती टाळावी. सायकसच्या बियांबाबतही तीच दक्षता घ्यावी. घाणेरी कितीही रंगीबेरंगी दिसली, तरी तिने दक्षिणेतील अरण्यांत मांडलेला उच्छाद लक्षात घेता तिला बागेत थारा देऊ नये.

एक जागा पपनसासाठी राखून ठेवावी. हे झाड निवडुंगासारखे काटक नाही, परंतु खोल अळे, जाड आच्छादन आणि आठवड्यातून एकदा भरपूर पाणी एवढ्यावर वाढलेले झाड तग धरते. विमानतळ आणि वसाहती यांच्या रेट्यात देवनहळ्ळीची चक्कोत्याची झाडे घटत गेली. ज्या फळाने गावाला नाव मिळवून दिले, ते टिकवण्याचे काम यापुढे परसांनाच करावे लागेल.

माती, आच्छादन आणि धीर

येथील तांबडी माती पावसाच्या माऱ्याने वरून घट्ट होते आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. लागवडीपूर्वी कुजलेले शेणखत अथवा कंपोस्ट मिसळून ती भुसभुशीत करावी. त्यावर दोन-तीन इंच जाडीचा पालापाचोळ्याचा किंवा नारळाच्या सोडणांचा थर पसरावा. तो खोडाला मात्र चिकटू देऊ नये. ठिबकच्या नळ्या या थराखालून न्याव्यात. रोज झारीभर पाणी देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा खोलवर मुरेल असे पाणी दिल्यास मुळे खाली जातात. वरवरच्या पाण्यावर पोसलेली मुळे वरच राहतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात झाड मान टाकते.

लागवड जूनमध्ये करावी, म्हणजे पुढचे पाच महिने पाऊसच राखण करतो. काटक झाडालाही पहिल्या वर्षी पाण्याचा आधार द्यावाच लागतो. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर ते स्वावलंबी होऊ लागते. सोलापूर, जत किंवा अहिल्यानगर भागातील वाचकांनाही ही पद्धत उपयोगी पडेल. तेथे पाऊस याहून कमी आणि ऊन प्रखर असल्याने ओली जागा आणखी लहान ठेवावी आणि सावली देणारी झाडे आधी लावावीत.

लालबागेचा वारसा

परदेशी झाडे या भूमीत रुजवण्याची परंपरा बेंगळुरूला नवी नाही. हैदर अलीने १७६० मध्ये लालबागेचा आरंभ केला आणि देवनहळ्ळीत जन्मलेल्या त्याच्या पुत्राने देशोदेशींची रोपे आणवून ती वाढवली. पुढे गुस्ताव्ह हर्मन क्रुम्बिगेल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात आला. त्यापूर्वी तो बडोद्यास सयाजीराव गायकवाड महाराजांच्या सेवेत होता, ही गोष्ट मराठी वाचकांना विशेष वाटेल. एका झाडाचा बहर ओसरताच दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशी योजना त्याने शहराच्या रस्त्यांसाठी आखली. तीच कल्पना परसातही साकारता येते : उन्हाळ्याच्या आरंभी बोगनवेल, मग चाफा आणि पावसाळ्याच्या अखेरीस पारिजातक.

सिहिनीरूची साक्ष

टाकी भरल्यावर वाहून जाणाऱ्या पाण्याचे काय करावे? त्यासाठी परसाच्या एका कोपऱ्यात शोषविहीर खणावी. बेंगळुरूत बायोम एन्व्हायर्न्मेंटल ट्रस्टने दहा लक्ष विहिरींची मोहीम हाती घेतली आणि तिच्यामुळे विहिरी खणणाऱ्या मण्णु वड्डर समाजाच्या पारंपरिक कौशल्याला पुन्हा मागणी आली. महाराष्ट्रातील माती वडारांचे हे सहोदरच होत.

देवनहळ्ळी गावातच या विचाराची प्रचीती आली आहे. येथील एका तलावाचे नाव 'सिहिनीरू केरे', म्हणजे गोड्या पाण्याचे तळे. तो कोरडा पडला होता. हेब्बाळ-नागवार योजनेतून बेंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी बागलूरच्या तलावामार्गे येथे आणले गेले. तलाव भरला, जमिनीतून गाळून आलेले पाणी लगतच्या जुन्या विहिरीत उतरले आणि शुद्धीकरणानंतर ते गावाच्या पुरवठ्यात मिसळू लागले. शहराने टाकून दिलेले पाणी गावाच्या घागरीत आले ते मातीच्या मध्यस्थीने.

परसदारची केळ आणि तिच्याशेजारची शोषविहीर हे त्याच व्यवहाराचे घरगुती रूप आहे. एका घराच्या सत्तर हजार लिटरांनी तालुक्याचे भूजल भरून येणार नाही, हे खरे. परंतु वसाहतीतील शंभर घरांनी हेच केले, तर तो आकडा सत्तर लक्ष लिटरांवर जातो, आणि तेवढ्याने उपशाचा भारही हलका होतो. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण बचतीच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. देवनहळ्ळीत ती तिच्या मूळ अर्थाने आचरणात आणण्याची वेळ आली आहे. येत्या जूनपूर्वी पन्हाळी साफ करून आणि खड्डा खणून ठेवला, तर पहिली पागोळी वाया जाणार नाही.