कोपरच्या परसबागेतील चार्ड: हिवाळा सोपा, कसोटी उन्हाळ्या-पावसाळ्याची

विलायती भाज्यांच्या बियाण्यांची पाकिटे आता सहज मिळतात. त्यांतले चार्ड (बऱ्याच ठिकाणी ‘स्विस चार्ड’ म्हणून विकले जाणारे) बरेच जण हौसेने घेतात, कारण त्याचे लाल, पिवळे, गुलाबी देठ दिसायला देखणे असतात. पाकिटाच्या मागे मात्र बहुतेक वेळा थंड देशांसाठीच्या सूचना असतात: उन्हाळ्यात पेरा, हिवाळ्यात झाडाच्या बुंध्याशी पेंढा टाका, बर्फापासून जपा. डोंबिवलीजवळच्या कोपरला यातले काहीच लागू पडत नाही. आपल्याकडे जानेवारीतही रात्रीचे तापमान साधारण १५ अंशांच्या आसपास असते. तेव्हा चार्ड हिवाळ्यातून कसे वाचवायचे हा प्रश्न कोपरला पडत नाही. प्रश्न एप्रिलपासून सुरू होतो.

चार्ड म्हणजे नेमके काय?

चार्ड हे बीटच. फरक एवढाच, की याचे कंद पोसत नाहीत, पाने आणि देठ पोसतात. आपण रोज जुडीने घेतो तो देशी पालकही याच बीटच्या जातकुळीतला आहे. विलायती ‘स्पिनाच’ वेगळी वनस्पती, तिचे पान पातळ आणि तिला थंडी जास्त लागते. म्हणून ज्याला पालक जमतो त्याला चार्ड जमते. ‘ऑल ग्रीन’ किंवा ‘पुसा ज्योती’ हे पालकाचे वाण तुम्ही लावत असाल, तर चार्डचे निम्मे शास्त्र तुम्हाला आधीच माहीत आहे. चार्डमध्ये ‘फोर्डहूक जायंट’ हा पांढऱ्या देठाचा दणकट वाण आहे. ‘ब्राइट लाइट्स’ हे रंगीत देठांचे मिश्रण. उत्पन्नासाठी मी पहिला घेईन, गच्चीवर शोभेसाठी दुसरा.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. देशी पालक फेब्रुवारी-मार्चमध्ये दांडा टाकून फुलावर येतो आणि तिथे त्याची पाने संपतात. चार्डला फुलायला कित्येक आठवडे चांगली थंडी लागते, ती कोकणपट्टीत मिळत नाही. त्यामुळे इथे ते बी धरत नाही, पण पाने मात्र महिनोन्‌महिने देत राहते. बी दरवर्षी विकत घ्यावे लागेल, हे गृहीत धरा.

आधी माती, मग बी

ही गोष्ट लोक सर्वांत शेवटी विचारतात, म्हणून मी आधी सांगतो. कोपर खाडीलगतचे गाव. इथल्या बऱ्याच इमारतींभोवतीची जमीन मूळची खाजण किंवा भातखाचर, तिच्यावर बाहेरून आणलेला भराव. त्यात डेब्रिज काय आणि कुठले, हे कोणालाच सांगता येत नाही. खारटपणाची काळजी चार्डच्या बाबतीत कमी आहे. घेवडा जमिनीची क्षारता साधारण १ डेसिसायमेन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पन्नात मागे पडू लागतो, स्पिनाच २ पर्यंत तग धरते, बीट मात्र सुमारे ४ पर्यंत. उगवण होताना मात्र बीटवर्गही नाजूक असतो. म्हणून पेरणीनंतरचे पहिले दोन आठवडे नळाचे गोडे पाणी द्या. बोअरचे पाणी मचूळ असेल तर ते नंतर, तेही जपून.

खरी काळजी जड धातूंची. शिसे आणि कॅडमियम फळभाज्यांपेक्षा पालेभाज्यांत जास्त जाते, आणि चार्ड-पालक कॅडमियम उचलण्यात पुढेच असतात. त्यात जमीन खारट असेल तर मातीतल्या क्लोराइडमुळे कॅडमियम मुळांना आणखी सहज मिळते. म्हणजे ज्या जमिनीत चार्ड तग धरते, तीच जमीन दूषित असेल तर धोका वाढतो. झाड मात्र हिरवेगार दिसते, पान पिवळे पडत नाही. धुतल्याने वरची धूळ जाते, पानाच्या आत गेलेला धातू जात नाही.

लोकलमधून जाताना रुळांच्या कडेला पालक, माठ, मुळ्याचे वाफे आपण पाहिलेत. ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेत रेल्वेने आपल्या जमिनी लागवडीला दिल्या, आणि त्या भाज्यांना गटाराचे पाणी मिळते यावरून वर्षानुवर्षे चर्चा होत आली आहे. परसबागेत आपण तेच करू नये. नाल्याचे, गटाराचे किंवा कारखान्यांच्या बाजूने येणाऱ्या ओढ्याचे पाणी चार्डला कधीही देऊ नका, कितीही टंचाई असली तरी.

कृषी सहायकांसाठी एक सूचना: मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये मिळून १२ घटक असतात. त्यांत शिसे व कॅडमियम नसतात. भरावाच्या जमिनीचा नमुना पाठवताना ही तपासणी वेगळी मागावी लागते. ५-६ ठिकाणांहून १५ सें.मी. खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र मिसळा, अर्धा किलो पाठवा. तपासणी होईपर्यंत किंवा खर्च परवडत नसेल, तर जमिनीत पालेभाजी नकोच. तिथे भोपळा, दुधी, वांगी लावा आणि चार्ड २० लिटरच्या कुंडीत किंवा ग्रो बॅगमध्ये, बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीत घ्या. जुन्या रंगाचे डबे वापरू नका.

पेरणी आणि तोडणी

परतीचा पाऊस थांबला की, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत पेरा. बी रात्रभर पाण्यात भिजवा. दिसायला एक दाणा असला तरी तो बियांचा गुच्छ असतो, एका दाण्यातून दोन-तीन रोपे येतात. बियाणे खराब आहे अशी तक्रार माझ्याकडे क्वचित येते. दाटी झाली आणि पाने लहान राहिली, ही तक्रार नेहमीची. विरळणी करायला जीव होत नाही, तिथेच चुकते. दीड सें.मी. खोल पेरा, रोपे ४-५ पानांची झाली की दोन रोपांत ३० सें.मी. अंतर ठेवा. उपटलेली रोपे भाजीत घाला, कोवळी असतात.

एक चौरस मीटरला ३-४ किलो कुजलेले शेणखत मातीत मिसळा. पहिल्या तोडणीनंतर साधारण ५ ग्रॅम युरिया, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, ओल्या मातीत टाकून पाणी द्या. याहून जास्त नको. नत्र जादा झाले की पानात नायट्रेट साठते आणि मावाही ओढला जातो.

सुमारे दोन महिन्यांनी तोडणीला सुरुवात होते. पालकासारखे विळ्याने सरसकट कापू नका. बाहेरची मोठी पाने बुंध्याशी धरून बाजूला ओढून तोडा, मधली ४-५ पाने ठेवा. दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा मिळतात. पानांवर तांबूस कडेचे राखी ठिपके दिसले तर तो सर्कोस्पोरा. अशी पाने काढून जाळा आणि पाणी पानांवर न देता बुंध्याशी द्या. मावा किंवा लहान अळीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो.

उन्हाळा आणि पावसाळा

मार्चअखेर दुपारी पाने लोळू लागतात. तेव्हा ५० टक्के सावलीची शेडनेट लावा, बुंध्याशी भाताच्या पेंढ्याचे आच्छादन टाका आणि पाणी सकाळी द्या. मे महिन्यात झाड जवळजवळ थांबते. पाने कमी तोडा, त्याला जगू द्या.

जूनमध्ये निर्णय घ्यावा लागतो. जमिनीतले चार्ड कोपरच्या पावसात टिकवण्याच्या फंदात मी पडणार नाही. पाणी साचले की मुळे कुजतात आणि ठिपके आठवड्यात सगळ्या पानांवर पसरतात. कुंडीतली दोन-तीन जोमदार झाडे मात्र पावसाआधी जुनी पाने काढून, पारदर्शक प्लास्टिकच्या छपराखाली, वारा खेळेल अशा जागी ठेवता येतात. सगळी वाचत नाहीत. जी वाचतात ती ऑक्टोबरमध्ये नव्या पेरणीच्या दीड-दोन महिने आधी पाने देतात. बाकीच्या जागेत पावसाळ्यात अळू, मायाळू, अंबाडी घ्या. ती आपल्या हवेची पिके आहेत.

खाण्याबाबत एवढेच: चार्डमध्ये ऑक्झलेट भरपूर असते. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि खायची झाल्यास पाने उकळून ते पाणी फेकून द्यावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर त्यांनीही ही भाजी रोजच्या जेवणात अचानक वाढवू नये.